अकरा भोकांचा पोळपाट

माझी एक खोड आहे. एखादी गोष्ट आपल्याला येत नाही हे चारचौघांत कबूल करायची वेळ आली, की मी काहीतरी ठोकून देते, आणि इतक्या ठामपणे ठोकते की पुढे माझाच त्यावर विश्वास बसतो. बुलढाण्याजवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मुलामुलींच्या हातात एक पांढरी प्लास्टिकची पाटी येते, वीतभर लांब, तिच्यावर सगळीकडे बारीक भोकं. सुटे भाग आणि वायरी त्या भोकांत नुसत्या खोचायच्या की सर्किट तयार. चुकलं तर उपटायचं, पुन्हा खोचायचं. तिला ब्रेडबोर्ड म्हणतात. आणि दर वर्षी कुणी विचारलेलं नसताना मी सांगत आले, "पावाच्या स्लाइसला कशी भोकं असतात? तसं दिसतं, म्हणून ब्रेडबोर्ड." मुलं हसायची, वहीत लिहून घ्यायची. मीही खूश असायची.

यंदा पहिल्या बाकावरची, देऊळघाटहून येणारी एक मुलगी हसली नाही. ती उभी राहून म्हणाली, "मॅडम, पण पावाचे भोकं असे लाइनीत कुठी असतात? हे तं सगळे लाइनीत आहेत."

वर्गात खसखस पिकली. मी "बरं, बस खाली" म्हटलं. ती बसली. माझं बूड मात्र त्या दिवसापासून कुठे टिकेना.

त्यात आणखी एक भानगड होती. आमच्याकडे पहिल्या वर्षाला आता मराठीतूनही शिकवायचं ठरलंय, आणि प्रॅक्टिकलच्या मराठी नोट्स लिहायचं काम प्राचार्यांनी माझ्या गळ्यात मारलंय. "मॅडम, तुमचं मराठी चांगलं आहे," हे त्यांचं कारण. मी शिकायला पुण्यात होते तेव्हा माझं मराठी ऐकून मेसमधल्या पोरी फिदीफिदी हसायच्या, हे त्यांना माहीत नाही. प्रत्येक नव्या शब्दाखाली 'हा शब्द कुठून आला' अशी एक चौकट टाकायची, ही कल्पनाही त्यांचीच. डायोड झाला, रेझिस्टर झाला. ब्रेडबोर्डच्या चौकटीत मी पावाची भोकं लिहून मोकळी झाले होते. पानं सोमवारी छापायला जायची होती आणि त्या मुलीनं हे विचारलं बुधवारी.

घरी आले, चहा ठेवला, चहा होईपर्यंत जरा बघू म्हणून मोबाइलवर शोधायला बसले. चहा उतू गेला, गॅस विझला, नवऱ्यानं येऊन बटण बंद केलं, तरी मी वाचतच होते.

मला सापडलं ते असं. फार पूर्वी, तयार रेडिओ विकत घेणं सगळ्यांना जमत नव्हतं, तेव्हा परदेशातली हौशी मंडळी घरीच रेडिओ जुळवायची. तेव्हाचे भाग मोठे आणि जड. काचेचे व्हॉल्व्ह, मुठीएवढ्या कॉइल. ते कशावर तरी पक्के बसवायला हवेत, आणि फळी लाकडाची हवी, कारण कोरड्या लाकडातून करंट जात नाही. अशी सपाट, गुळगुळीत, हाताशी असलेली फळी कुठे असणार? स्वयंपाकघरात. ज्या फळीवर ब्रेड कापतात ती. त्यांनी ती उचलली, तिच्यावर खिळे ठोकले, खिळ्यांना वायरी गुंडाळल्या आणि रेडिओ वाजवला. पुढे खिळे गेले, लाकूड गेलं, पांढरं प्लास्टिक आलं, भोकं आली. नाव तेवढं मागे राहिलं.

मी खुर्चीवरून उठले. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत गेले, तिथून परत स्वयंपाकघरात. नवरा म्हणाला, "काय हरवलं?" मी म्हटलं, "काही नाही, पाय मोकळे करतेय." मला त्याला सांगता येईना. असा बोर्ड मी स्वतः बनवला होता. सातवीत असताना, उंद्रीला, आईच्या पोळपाटावर. आणि तो उद्योग बाबांनी केला असं आई आजही धरून चालते.

बाबांचं उंद्रीच्या स्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ कमी झाले तसे मोटारीचे स्टार्टर, टेबलफॅन, मिक्सर असं काहीबाही दुकानात येऊ लागलं, पण बाबांचा जीव रेडिओतच. शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथे. सातवीच्या हिवाळ्यात चिखलीला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं, आणि मी एका ट्रान्झिस्टरचा रेडिओ करायचं ठरवलं. भाग बाबांच्या डब्यांतून मिळाले, मेलेल्या रेडिओंमधून काढलेले. पण आमच्या सरांनी बजावलं होतं, परीक्षकांना आतलं सगळं दिसलं पाहिजे, डबाबंद चालणार नाही. मी पुठ्ठ्यावर करून पाहिलं, पुठ्ठा वाकला. प्लायवूडवर केलं, तर खिळ्यांची टोकं खालून बाहेर आली आणि खालच्या वायरी दबून तुटल्या. मला अशी फळी हवी होती, जिच्या खाली बोटभर जागा असेल. वर सपाट, खाली पाय.

एका दुपारी पोळ्या झाल्यावर आईनं पोळपाट धुऊन भिंतीशी उभा केला, आणि मला त्याचे तीन पाय दिसले.

हा पोळपाट आईच्या माहेरचा, दुसरबीडचा. तिच्या वडिलांनी दाराच्या चौकटीतून उरलेल्या सागवानाचा मुद्दाम करून घेतलेला, लग्नात रुखवतावर मांडलेला. रुखवतातली बाकी भांडी हळूहळू फुटली, काही मोडीत गेली, हा राहिला. आई त्याच्यावर पोळीशिवाय काही लाटायची नाही. पापड करायचे असले की शेजारणीचा पोळपाट मागून आणायची. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी हिशेब केला, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, प्रदर्शन झालं की खिळे काढून ठेवून देऊ, तिला पत्ताही लागणार नाही. खिळे काढले तरी भोकं राहतात, हे बाराव्या वर्षी मला सुचू नये याचं मला अजून नवल वाटतं.

दुकानासमोर फर्निचरचं काम करणारे एक चाचा होते. त्यांच्याकडून अकरा पितळी खिळे मागून आणले. आई गिरणीवर दळण घेऊन गेली होती. लाइट नसली की गिरणीवर दोन-दोन तास जायचे, आणि त्या दिवशी लाइट नव्हती. मी बाबांची हातोडी घेतली, सर्किटचा कागद पोळपाटावर पसरला आणि जिथे जिथे वायरी भेटत होत्या तिथे तिथे एकेक खिळा मारला. पहिला खिळा मारताना सारखी दाराकडे बघत होते. दुसऱ्यापासून मजा यायला लागली. लाइट आल्यावर, दळण होऊन आई परत यायच्या आत, सोल्डरिंग केलं आणि सगळं टॉवेलात गुंडाळून दप्तराखाली ठेवलं. रात्री आमच्याकडे ज्वारीची भाकरी असायची, त्यामुळे पोळपाटाची आठवण सकाळपर्यंत कुणाला झाली नाही. सकाळी पहिल्या गाडीनं मी आणि बाबा चिखलीला निघालो.

बसमध्ये बाबांनी टॉवेल सोडून पाहिला. वरून पाहिलं, उलटा करून खालून पाहिलं, एका जोडावर नख फिरवलं. म्हणाले, "सोल्डरिंग चांगलं झालं." मग जरा वेळानं, "हे तुह्या आईनं पाह्यलं काय?"

मी मानेनंच नाही म्हटलं. चिखली येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

नंबर आला नाही. रेडिओ मात्र वाजला. बाबांनी शाळेच्या खिडकीतून लिंबाच्या झाडावर अँटेनाची वायर टाकली, दुसरी वायर नळाच्या पाइपाला बांधली, आणि मी इअरफोन कानात घातला तेव्हा जळगाव केंद्रावरून कुणीतरी शेतकऱ्यांना हरभऱ्याला पाणी कधी द्यायचं ते सांगत होतं. अगदी बारीक आवाज. मी तो ऐकून रडले, आणि परीक्षकांना वाटलं नंबर आला नाही म्हणून रडते.

संध्याकाळी परत आलो तर आई दारातच उभी. सकाळपासून तिनं सगळं घर पालथं घातलेलं. टॉवेल सुटला होता, खिळे दिसत होते. ती काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "म्या केलं ते. दुसरी फळी भेटली नाही."

आई तीन दिवस बोलत होती. माझ्या आईचा तसा राग मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. चुलीशी बसून, विहिरीवर जाताना, माझी वेणी घालता घालता, सारखं एकच. "माह्या बापानं देल्लेला पोयपाट." बाबा खाली मान घालून जेवत होते. मी बाबांच्या मागे उभी. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं.

बाबांनी पक्कडीनं खिळे उपटले. आठ दिवसांत चाचांकडून नवा पोळपाट करून आणला, तोही सागवानाचा, जुन्यापेक्षा गोल. आईनं त्याला एकदाही कणीक लावली नाही. तो पिठाच्या डब्यामागे गेला, आजही तिथेच आहे. ती जुन्यावरच लाटत राहिली. लाटताना कणीक त्या भोकांत बसायची आणि पोळीवर अकरा बारीक फुगवटे यायचे, तव्यावर ते आधी भाजायचे, काळे व्हायचे. आमच्या घरची पोळी त्यामुळे कुठेही ओळखू यायची. शाळेत डबा उघडला की मैत्रिणी ठिपके मोजायच्या. घरात बाबांच्या ताटात पोळी वाढताना आई म्हणायची, "घ्या, मोजून घ्या." बाबा हसून तुकडा मोडायचे.

तोच हिवाळा होता. गावात अंगणवाडी सुरू झाली, देवळाच्या सभामंडपात. माझा धाकटा भाऊ बरोबर त्या वयाचा, पण आईनं त्याला एक दिवससुद्धा पाठवलं नाही. घरीच पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. लोक म्हणायचे, शेंडेफळ आहे, लाडावून ठेवलंय.

पुढची तीस वर्षं ती पोळपाटाची गोष्ट आमच्या घरात पाहुण्यांना चहाबरोबर मिळायची. आईला ती रंगवून सांगता येत होती. पहिल्या गाडीची वेळ, टॉवेलाचा रंग, बाबांचा पडलेला चेहरा. पाहुणे हसायचे, बाबाही हसायचे, आणि मला त्याच वेळी आतल्या खोलीत काहीतरी काम निघायचं. माझ्या लग्नात तिनं ती माझ्या सासरच्यांना ऐकवली. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. तेराव्याला बायका जमल्या होत्या, आणि आई मध्येच म्हणाली, "या मानसानं माह्या पोयपाटाले खिळे मारले होते." कुणी हसलं नाही. त्या दिवशी माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी पाणी आणायला उठून गेले.

आणि आता ही चौकट. मी पावाची भोकं खोडली आणि खरी हकीकत लिहिली. लिहून झाल्यावर वाटलं, आमच्या मुलांना ब्रेड कापायची फळी काय कळणार, पोळपाट लगेच कळेल. म्हणून खाली लिहिलं, 'माझ्या वडिलांनी एकदा पोळपाटावर असाच रेडिओ केला होता.' पुन्हा वाचलं. तोंडी चाललेलं खोटं आता छापून येणार होतं, आणि तेही माझ्याच हातानं. खोडलं. 'माझ्या माहितीतल्या एका मुलीनं' असं लिहिलं. हे तर त्याहून भेकडपणाचं. तेही खोडलं. शेवटी लिहिलं, 'मी सातवीत असताना आईच्या पोळपाटावर'. आणि हात थांबला.

कारण आई हे वाचणार होती. आई त्या काळची मॅट्रिक, पहिल्या वर्गात पास झालेली. किराण्याचा पुडा सोडला तर त्याचा कागदही ती वाचल्याशिवाय टाकत नाही. नोट्सचं ऐकल्यापासून फोनवर तिचा धोशा चालू होता, "मराठीत लिहून राह्यली ना? मंग मले आण. इतके वर्सं तू काय शिकवते ते मले समजलंच नाही." म्हणजे सोमवारच्या आत एक तर ते वाक्य काढायला हवं होतं, नाही तर आईला सांगायला हवं होतं. आणि काढायचं म्हटलं की बाबांचा खाली घातलेला चेहरा समोर यायचा. माझा गुन्हा अंगावर घेऊन तो माणूस गेला. एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाही. त्या चार दिवसांत बाबा माझ्या मनात फार म्हणजे फार मोठे झाले होते.

गुरुवारी मी फळ्यावर ओहमचा नियम उलटा लिहिला. शुक्रवारी आमटीत मीठ दोनदा पडलं. शनिवारी मी कपाटं आवरली, कुणी सांगितलेलं नसताना. नवरा म्हणाला, "तुला कुठं जायचंय का? जाऊन ये एकदाची."

रविवारी सकाळी चिखलीमार्गे उंद्री गाठली. कागद पर्समध्ये होता. स्टँडवर उतरले आणि घराकडे न वळता आधी चाचांकडे गेले. हे वेळ काढणं होतं, दुसरं काही नाही. चाचा आता थकलेत. दुकान मुलगा बघतो, प्लायवूडचे तयार दरवाजे विकतो. चाचा बाहेर खुर्ची टाकून बसले होते. मला पाहून म्हणाले, "बेटा, अकरा खिळे. तू वापस नाही केले."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, चाचा?"

"माहीत कसं नाही? मीच तं देल्ले. दुसऱ्या दिवशी तुह्या आईचा आवाज दुकानापर्यंत येऊन राह्यला, तवा समजलं."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"तुह्या बाबानं हात जोडले ना. म्हने, चाचा, चूप राहजो. बोलू दे तिले पोयपाटावर. तेवढं मले चालते, म्हने." चाचांनी मान हलवली. "लय शरीफ आदमी."

माझे डोळे भरून आले. मी तिथून उठले ती निश्चय करूनच. आज सांगायचंच.

आई ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होती. तोच पोळपाट. आता मधोमध झिजून जरा खोलगट झालाय. मी चपला काढल्या, पाणी प्यायले, आणि पर्स खांद्यावरच ठेवून म्हटलं, "आई, ते खिळे मी मारले होते."

"कोनते खिळे?"

"पोळपाटाचे. बाबांनी नाही, मी मारले. तू दळण आणायला गेली होतीस. बाबांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपायला लागली, ती तिनं काढली, गॅस बंद केला आणि माझ्याकडे वळली.

"तू मारले?"

"हो."

"मले माहीत नव्हतं," ती म्हणाली. मला वाटलं होतं ती म्हणेल, मला ठाऊकच होतं. बायका असं म्हणतात. तिनं तसं म्हटलं नाही. तिनं पोळपाटाकडे पाहिलं, हातावरचं पीठ झाडलं. "तीस वर्सं मी त्या मानसाले बोलली."

"म्हणूनच तुला सांगायला आले. मला राहवेना. बाबांचा त्यात काही दोष नव्हता गं."

मी हे बोलले आणि तिचा चेहरा बदलला.

"दोष नव्हता?" ती म्हणाली. "बस इथी."

मी बसले. ती उभीच राहिली, ओट्याला टेकून.

"त्या वर्सी गावात अंगणवाडी आली. बाई पाहिजे होती, मॅट्रिक झालेली. साऱ्या उंद्रीत तशी बाई मी एकटी. सरपंच दुकानात गेले, म्हने वहिनीचं नाव देऊ काय? तुह्या बाबानं तिथंच सांगून टाकलं, नाही म्हून. उभ्या उभ्या. घरी येऊन मले बोलले बी नाही. आठ दिवस गेले अन् मले विहिरीवर दुसऱ्या बायकाइकडून समजलं, का जागा भरली. सकाळी समजलं. अन् त्याच दिवशी सांजच्याले तुम्ही दोघं तो पोयपाट घेऊन आले."

मला भावाची पाटी आठवली, त्याच्यावरची आईची वळणदार अक्षरं. अंगणवाडीच्या वाटेनं ती कधी जायची नाही, देवळाला मागून वळसा घालून जायची, हे आठवलं. हे सगळं मी रोज पाहिलेलं होतं आणि एकदाही विचारलेलं नव्हतं.

"मग तू बाबांना तसं स्पष्ट का नाही बोललीस?"

"कसं बोलू? ते निघेच ना तोंडातून. रडू आलं असतं, अन् रडाचं नव्हतं मले. पोयपाट हातात होता, त्याच्यावर बोलता आलं."

"बाबांना कळत होतं?"

आई जराशी हसली. "कळत नसतं तं इतके वर्सं चूप राह्यले असते काय? एका पोयपाटासाठी? जे केलंच नाही त्याच्यासाठी? तू बी काय मास्तरीन झाली."

बोलू दे तिले पोयपाटावर, तेवढं मले चालते. चाचांच्या तोंडून तासाभरापूर्वी ऐकलेलं वाक्य मला आता नीट ऐकू आलं. बाबांनी मला पाठीशी घातलं होतं हे खरं, आणि माझ्या अकरा खिळ्यांच्या आड ते स्वतःही उभे राहिले होते, हेही तितकंच खरं. खिळ्यांचं बोलणं त्यांना झेपत होतं, दुसऱ्या गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मला त्यांचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा तो कुठे ठेवायचा कळत नाही. मी उठून दारापर्यंत गेले, परत आले, परत गेले. चार दिवसांत मी त्यांना एवढं उंच नेऊन बसवलं होतं. आणि तरी बसमध्ये "सोल्डरिंग चांगलं झालं" म्हणणारे तेच होते, तेही मला सोडवेना.

"बस बरं एका जागी," आई म्हणाली. "सांगितलं ते चांगलं केलं. आता मले काही त्या पोयपाटावर बोलता येनार नाही."

हे ती साधेपणानं म्हणाली. मला मात्र त्या वाक्यानं गलबलून आलं, कारण मी बाबांना सोडवायला आले होते आणि तिच्याजवळचं बोलायचं एकच निमित्त काढून घेऊन बसले होते. मी तसं तिला म्हटलंही. ती म्हणाली, "जाऊ दे. आता खरं ते बोलीन. ऐकाले ते नाहीत, एवढंच."

मग तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि चष्मा लावला. "तुह्या नोटा आणल्या काय?"

मी पर्समधून तो कागद काढून दिला. ती खिडकीजवळ गेली आणि सावकाश वाचू लागली. ओठ हलत होते. हौशी मंडळी, व्हॉल्व्ह, लाकडातून करंट जात नाही, स्वयंपाकघरातली फळी, खिळे, वाजलेला रेडिओ. खाली माझं वाक्य, 'मी सातवीत असताना आईच्या पोळपाटावर'. तिथे ती थांबली. मग नजर पुन्हा वर नेऊन तिनं पहिल्यापासून वाचलं.

"याच्यात त्या बाईचं काहीच नाही," ती म्हणाली.

"कोणत्या बाईचं?"

"जिची फळी उचलून नेली तिचं. सकाळी ब्रेड कापाले गेली असन, तं फळी नाही. कोन होती ती?"

"ते कुणालाच माहीत नाही, आई. अशा खूप जणी असतील."

"नाव नको मले. तिले कोनी इचारलं का? ती काय बोलली?"

"ते कुठंच लिहिलेलं नाही."

आईनं चष्मा काढला, कागद माझ्या हातात दिला आणि गॅस पुन्हा पेटवला.

"मंग तसं लिही," ती म्हणाली.